करटोलीचे कंद ओल्या जमिनीत कुजत होते, ते असे थांबले

कंद लावला की काही आठवड्यांत टोक मऊ पडायचं. उकरलं तर आंबूस वास, आत तपकिरी लगदा. राख टाकली, जागा बदलली, पाणी कमी केलं. दोन पावसाळे वाया गेले, जीव तुटला.

अडचण निचऱ्याची होती. आधी फूटभर उंच वरंबा केला: दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कंदाच्या जखमा दोन दिवस सावलीत सुकवल्या. मग डोळा वर ठेवून दोन बोटं खोल लावला. कोंब दिसेपर्यंत वरून पाणी दिलंच नाही. कोंब करकरीत, हिरवागार आला.

आणि हो, नर वेल जवळ हवाच, नाहीतर फळ धरत नाही. फुलामागे इवलंसं काटेरी फळ दिसलं की वेल मादी.