बॉम्बला दिला जाणारा पत्ता : साताऱ्यातील व्याख्यानासाठी तयारीची यादी

एनडीएच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसमोर, जमिनीवर लढणाऱ्या तुकडीला विमानातून मिळणारे साहाय्य आणि त्यासाठी बॉम्बमध्ये भरले जाणारे अक्षांश-रेखांश या विषयावर बोलायचे असेल, तर आधी कोणत्या शस्त्राविषयी बोलणार आहोत हे पक्के करावे. १९९९ साली कारगिलमध्ये मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेसरच्या ठिपक्याचा माग घेणारे बॉम्ब टाकले होते. जेडॅम जातीच्या बॉम्बला असा ठिपका लागत नाही. सुटण्यापूर्वी विमानाकडून मिळालेले आकडे, पोटातली जडत्वीय यंत्रणा (स्वतःच्या हालचालीवरून आपली जागा ओळखणारी) आणि जीपीएसचे संकेत यांच्या आधारे तो मार्ग काढतो. श्रोत्यांत अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाकडचे एखादे निवृत्त सुभेदार असण्याची शक्यता साताऱ्यात नेहमीच असते, आणि हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले तर ते तिथल्या तिथे बोट ठेवतील.

फळ्यावरचे उदाहरण गावातलेच घ्यावे. साताऱ्याचा अक्षांश साधारण १७ अंश ४१ कला उत्तर आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, त्यामुळे दशांशात हा आकडा १७.६८३ होतो, तो घाईने १७.४१ असा भरला, तर ठिकाण सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, थेट उंब्रजच्या अक्षांशावर जाऊन पडते. हा भागाकार मुलांकडून वहीत करून घ्यावा, कारण नुसते ऐकून तो कोणाच्या लक्षात राहत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा मिळाल्यास सोबत न्यावा. तो एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिकृतीवर, आधारलेला असतो, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही वेगळी प्रतिकृती वापरते, आणि आपल्या भागात एकाच आकड्यांनी दाखवलेल्या ठिकाणांत या दोहोंमुळे पडणारा फरक शंभर मीटरांच्या पुढे जातो. जीपीएस चालू असताना जेडॅमकडून ५ मीटरच्या आसपास अचूकता अपेक्षित असते, हे लक्षात घेतले म्हणजे नकाशाचा आधार विचारणे ही केवळ औपचारिकता का नाही, ते मुलांना कळेल. उंचीसाठी खिडकीतून अजिंक्यतारा दाखवावा आणि बॉम्ब तिरका येतो एवढे सांगून थांबावे. उंची चुकली की जमिनीवरचे ठिकाणही चुकते, हे त्यातून आपोआप निघते.

सर्वाधिक वेळ ५ डिसेंबर २००१ च्या घटनेसाठी राखून ठेवावा. कंदाहारच्या उत्तरेस बी-५२ विमानातून सुटलेला २,००० पौंडांचा जेडॅम अमेरिकेच्या स्वतःच्याच विशेष दलाच्या तुकडीवर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या बाजूने लढणारे अनेक अफगाण ठार झाले, पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई किरकोळ जखमी झाले. त्या वेळच्या वृत्तांतांनुसार जमिनीवरच्या तुकडीकडील जीपीएस यंत्राची बॅटरी बदलल्यावर पडद्यावर यंत्राच्या स्वतःच्या जागेचे आकडे आले होते आणि तेच लक्ष्याचे म्हणून पुढे गेले. बॉम्ब चुकला नाही, दिलेल्या पत्त्यावरच पोहोचला. ७ मे १९९९ रोजी बेलग्रेडमध्ये चिनी दूतावासावर पडलेल्या बॉम्बचेही तसेच झाले, मात्र तिथे आकडे बिनचूक असून इमारतच चुकीची निवडलेली होती. म्हणून या दोन घटना एकाच माळेत ओवू नयेत.

शेवटी परतवाचनाचा सराव ठेवावा. नाटोच्या पद्धतीत वैमानिकाला नऊ ओळींचा संदेश दिला जातो आणि त्यातील लक्ष्याची उंची व ठिकाण या ओळी त्याने परत म्हणून दाखवायच्या असतात. एका मुलाने आकडे सांगावेत, दुसऱ्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ते म्हणावेत आणि तिसऱ्याने कागदाशी ताडून पाहावेत. आकडे सुटे सुटे उच्चारायला लावावेत. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मागच्या बाकावर गोंधळ ठरलेला असतो.