डोमेन लिलावातला विजेता पैसे भरत नाही, तेव्हा दुसऱ्या नंबरवाल्याने काय करावं?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारी बाराला संपणारा डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, लिलाव उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला संपतो. तुम्ही जागे राहिलात, ९०० डॉलरपर्यंत गेलात आणि शेवटच्या मिनिटाला कुणीतरी ९१० टाकून नाव नेलं. चडफडत झोपलात. चार-पाच दिवसांनी मेल येतो: विजेत्याने पैसे भरलेले नाहीत, डोमेन तुम्हाला ९०० डॉलरला मिळेल, हवंय का? आनंद होणारच. पण घाई नको.

१. मेल खरा आहे का ते बघा. मेलमधली लिंक दाबू नका. ब्राउझर उघडून स्वतः लिलावाच्या साइटवर लॉगिन करा. ऑफर खरी असेल तर तुमच्या खात्यात दिसेलच. दिसत नसेल तर सपोर्टला विचारा. हरलेल्या बोलीदाराला ‘दुसरी संधी’ देणारे ठग लिलावांच्या धंद्यात जुनेच आहेत.

२. नियम वाचा. विजेत्याने हात वर केले की साधारण तीनपैकी एक गोष्ट होते: नाव दुसऱ्या नंबरला देतात, लिलाव पुन्हा लावतात किंवा व्यवहारच रद्द करतात. प्रत्येक साइटची रीत वेगळी, आणि ती बदलतही राहते. बोली लावण्याआधीच हे वाचलेलं बरं, पण तेव्हा कोण वाचतो!

नव्या डोमेन-विस्तारांसाठी (नावामागच्या .shop सारख्या शेपट्या) आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने, २०१२ च्या फेरीत घातलेला नियम मात्र स्पष्ट होता. विजेत्याने २० कामकाजाच्या दिवसांत पैसे भरायचे. बुडवले तर बोलीच्या १० टक्के दंड, आणि हक्क उतरत्या क्रमाने पुढच्या बोलीदाराकडे. त्यासाठी अनामत आधीच घेतलेली असायची. साध्या डोमेन लिलावात बहुतेक वेळा अशी अनामत नसते, म्हणून तर कुणीही उठतो आणि आकडा टाकतो.

३. बुडव्याला वजा करून हिशोब करा. सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं हेच बहुतेक जण करत नाहीत.

बोलींचा इतिहास उघडा. समजा, तुमच्याशिवाय दोनच जण होते. एकाची शेवटची बोली २०० डॉलर. दुसरा तो ९१०वाला. बोलीतली वाढ १० डॉलरची. आता त्या ९१०वाल्याच्या सगळ्या बोली खोडा. काय उरलं? २०० वाला आणि तुम्ही. म्हणजे २१० ला नाव तुमचं होतं! तुम्ही ९०० पर्यंत चढलात ते अशा माणसाशी झुंजत, ज्याच्या खिशात कदाचित पैसेच नव्हते. ऑफर ९०० ची असेल तर वरचे ६९० डॉलर त्याच्या थापेचे आहेत.

हा हिशोब मी मनाने काढलेला नाही. २००९ मध्ये स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने जाहीर केलं, की तिचाच एक कर्मचारी टोपणनावाने बोली लावत होता. तेव्हा भरपाई ठरवताना तिनेही हेच केलं: त्या बोली नसत्या तर किंमत किती झाली असती ते काढून फरक व्याजासह परत देऊ केला.

४. सपोर्टला लिहा. भांडू नका, आकडे द्या. ‘न भरलेल्या बोली वगळल्यास माझी किंमत २१० होते. त्या किमतीला द्या, नाहीतर लिलाव पुन्हा लावा.’ नाही म्हणाले तर नाव खरंच ९०० चं आहे का, एवढंच ठरवायचं. मी तरी अशी ऑफर सहसा सोडतो. पुन्हा लिलाव लागला तर अनेकदा स्वस्तात मिळतं. (हाच गडी नव्या टोपणनावाने परत येऊ शकतो, तेवढी जोखीम आहे.)

५. घ्यायचं ठरलं तर मुदतीत पैसे भरा. नाहीतर बुडव्यांच्या यादीत तुमचंच नाव जाईल आणि खातं बंद होईल. आपल्याकडे इथे एक मेख आहे. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशांतर्गत एटीएम आणि पीओएस (दुकानातलं कार्डाचं यंत्र) वापरासाठी सुरू होऊन येतात. परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावा लागतो, मर्यादाही वाढवावी लागते. हे बोली लावण्याआधी करून ठेवा, रात्री साडेबाराला नव्हे.

जुन्या मालकाच्या नोंदणीची मुदत संपून लिलावात आलेलं नाव असेल तर पैसे भरल्यावरही लगेच त्यावर साइट बांधायला घेऊ नका. काही रजिस्ट्रारांकडे (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपन्यांकडे) त्या मालकाला लिलावानंतरही काही दिवस नूतनीकरण करता येतं. त्याने केलं तर तुम्हाला पैसे परत मिळतात, नाव नाही. डोमेन तुमच्या खात्यात उतरेपर्यंत थांबा.