जुनी रायफल साफ करायची? पॉलिश पेपर आधी लांब ठेवा

आजोबांची नाहीतर सासऱ्यांची रायफल कपाटातून निघते, नळीवर लालसर गंज दिसतो आणि घरातला सगळ्यात उत्साही माणूस हार्डवेअरच्या दुकानाकडे पळतो. त्याला दारातच अडवा. सांगली-मिरज भागात मी ज्या वाया गेलेल्या रायफली पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच गंजाने कमी आणि हौसेने जास्त गेल्या होत्या.

इथे लिहितोय ते मुख्यतः ३१५ बोअरच्या, म्हणजे साधारण आठ एमएम नळीच्या, बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीबद्दल. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या आणि निवृत्त फौजींच्या घरात तीच जास्त सापडते. इंग्रजांनी लष्करी बोअर नागरिकांना बंद ठेवले, त्यातून या बोअरचं चलन वाढलं. घडण मात्र ली-एनफील्डचीच, त्यामुळे थ्री नॉट थ्री हाताळलेल्या माणसाला ती अनोळखी वाटत नाही. बारा बोअरवाल्यांसाठी जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

आधी कागद

परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच किंवा त्याच्यासमोर हे काम करायचं. मी दुसऱ्याची बंदूक घरी ठेवून घेत नाही. मालकाने परवाना घेऊन शेजारी बसायचं, चहा मी देतो. मूळ मालक वारले असतील तर साफसफाईचा विचारही नंतर. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती रायफल आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. 'घरातच तर आहे' हे उत्तर कुठल्याही ठाण्यात चालत नाही.

खोलणे

मॅगझीन काढा. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघा आणि करंगळीही घाला. गेली पंचवीस वर्षं कुणी हात लावला नाही असं सांगितलेल्या रायफलीतही काडतूस निघतं. मग बोल्टचं पुढचं डोकं वर उचलून बोल्ट बाहेर काढा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घेत चला.

स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा. बसत नसेल तर त्याचं टोक घासून बसवा. स्क्रूची खाच मात्र वाढवायची नाही. जाम झालेल्या स्क्रूला रात्रभर तेलात राहू द्या. ली-एनफील्डच्या घडणीत आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मगच दस्त्यातला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडातला, स्क्रूसारखा लांब बोल्ट फिरवायचा. उलट क्रमाने गेलात की पुढचं लाकूड मागच्या टोकाला चिरतं. दस्ता हलत नसेल, चिरलेला नसेल आणि पुढे सांगितलंय तसं उकळायचं नसेल, तर तो काढूच नका.

नळी बॉडीतून, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागातून, सोडवायची नाही. चापाची यंत्रणाही खोलायची नाही. ती रॉकेलने, ते मिळत नसेल तर टर्पेंटाइनने धुऊन काढली तरी पुरे. दोन रायफली एकदम साफ करायला घेतल्या असतील तर बोल्टची अदलाबदल होऊ देऊ नका. बोल्ट त्या-त्या नळीला जुळवलेला असतो. दुसरा बोल्ट आत बसला तरी चेंबर नीट बंद होतंच असं नाही.

पुराची रायफल

कृष्णाकाठी हा वेगळा प्रकार आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं तेव्हा तळमजल्यावरची कपाटं आतल्या वस्तूंसकट बुडाली. पुरातून निघालेल्या रायफलीचा गाळ वाळू देऊ नका आणि बोल्ट मागेपुढे करून बघू नका, आत वाळू असते. आधी स्वच्छ पाण्याची धार, मग टर्पेंटाइन, मग तेल. गाळ वाळला की पुढच्या सगळ्या कामाला दुप्पट वेळ. भिजलेली काडतुसं वापरायची नाहीत. ती कुठे द्यायची ते ठाण्यात विचारा.

नळीचं आतलं अंग

'बंदुकीला पाणी लागू देऊ नये' हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. इथे तो ऐकू नका. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार नळीत बसतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. हा क्षार मिठाचाच भाऊ, तेलात विरघळत नाही. तेल कितीही सोडा, त्याच्याखाली गंज चालूच राहतो. म्हणून उकळतं पाणी चेंबरच्या बाजूने नरसाळ्याने ओतायचं. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली की आपली आपण वाळते. लगेच कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी.

ब्रश आठ एमएमचा, फॉस्फर ब्राँझचा. रॉड चेंबरकडून घालायचा. तोंडाकडून घातला तर तिथली कड झिजते आणि नेम तिथेच बिघडतो. ब्रश पार बाहेर निघाल्याशिवाय मागे ओढू नका. चिंदी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं, बस.

गंज: इथे घाई करणाऱ्याने रायफल बाजूला ठेवावी

बाहेरचा गंज काढणं सोपं आहे. गंज काढून मूळचा काळा रंग आणि शिक्के राखणं अवघड आहे, आणि मलाही सगळ्यात जास्त त्रास दिला तो याच टप्प्याने.

आधी काय करायचं नाही ते सांगतो. पॉलिश पेपर नाही. भांड्याची तारेची घासणी नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर नाही. आंबटाने गंज जातो तसाच नळीवरचा काळा थरही जातो आणि खाली करडं उघडं लोखंड राहतं, जे पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतं. चिंच पितळेच्या समईला लावा.

आणि बफिंग अजिबात नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत 'द्या इकडे, आरशासारखी करून देतो' म्हणणारे भेटतील. एक तर परवाना नसलेल्या माणसाच्या हातात रायफल देऊन येणंच बेकायदा. दुसरं म्हणजे बफच्या चाकाने कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात आणि बॉडीवरचा नंबर पुसट होतो. शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ८चा भंग आहे. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र दाखवायला नेलं आणि नंबर वाचता आला नाही, तर 'चकचकीत करायला दिली होती' हे कुणाला पटवणार?

तिथेच 'ब्लॅकोडायझिंग करून देतो', म्हणजे रसायनाने काळी करून देतो, असंही म्हणतात. ते कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात होतं, १४० अंशांच्या आसपास. बारा बोअरच्या जोडनळीला हे कधीही करू नये. दोन नळ्या आणि मधली पट्टी मऊ झाळकामाने जोडलेल्या असतात, ते झाळ कॉस्टिक खातं. त्यातून फटीत राहिलेलं द्रावण आतून वर्षानुवर्षं कुरतडत राहतं.

आता करायचं काय? उकळायचं. साध्या पाण्यात.

लाल गंज उकळत्या पाण्यात बराच वेळ राहिला की त्याचं रूपांतर काळ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये होतं. जुन्या काळी उत्तम बंदुकींच्या नळ्या याच तऱ्हेने काळ्या करायचे: मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. आपल्याकडे गंज आयताच चढलेला आहे. तो खरवडून फेकण्याऐवजी त्याचाच काळा थर करून घ्यायचा.

नळी बॉडीसकट मावेल अशी लांबट पन्हाळ स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची करून घ्या. जी.आय. पत्रा नको, त्याच्यावरचं जस्त मध्ये लुडबुड करतं. दोन शेगड्यांवर ती आडवी बसते. पाणी बोअरचं घालू नका. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं पाणी तर मुळीच नको. नळीवर पांढरे डाग बसतात आणि ते काढताना काळा रंग जातो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात चांगलं, नाहीतर पत्र्यावरून न आलेलं, थेट भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी.

उकळण्याआधी तेलाचा अंशही राहता कामा नये. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, मग अ‍ॅसिटोनने पुसा. अ‍ॅसिटोनची बाटली शेगडीच्या आसपाससुद्धा नको. नळीच्या आतलं तेलही काढायचं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. बाहेरून चकाचक पुसतात आणि आत तेल ठेवतात. पाणी तापलं की ते तेल वर तरंगतं, नळी बाहेर काढताना तिला लपेटून येतं आणि तिथे ठिपके पडतात. यानंतर उघडा हात लावायचा नाही, धुतलेले सुती हातमोजे घाला. नळीला बूच मारू नका, दोन्ही तोंडं उघडी राहू द्या. स्प्रिंगा, मॅगझीन आणि बोल्ट यांना या पन्हाळीत जागा नाही.

अर्धा तास खळखळ उकळू द्या. तारेच्या आकड्याने उचला. नारिंगी होतं तिथे काजळीसारखं मखमली काळं दिसेल, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला रायफल बिघडली असंच वाटतं. नळी स्वतःच्या उष्णतेने वाळली की चार शून्य नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने, नळीच्या लांबीच्या दिशेने घासा. स्टील वूल विकत मिळतं तेव्हा त्याला तेल असतं, तेही आधी अ‍ॅसिटोनने काढून घ्या. वरची सैल काळी भुकटी निघून जाते आणि खाली घट्ट बसलेला काळा थर राहतो. दाब द्यायचा नाही. अंगठ्याला जोर लावावासा वाटला तर समजा की अजून एकदा उकळायला हवं.

प्रत्येक वेळी नळीतून कोरडी चिंदी फिरवा आणि पुन्हा उकळा. लाल ठिपका दिसेनासा होईपर्यंत हे चालतं. कुठली रायफल लवकर ऐकते, कुठली दिवसभर बसवते. शेवटच्या खेपेला नळी गरम असतानाच आतबाहेर तेल लावा. शिलाई मशीनचं तेल चालेल. खोबरेल नको, थंडीत ते थिजतं.

खड्डे पडलेले असतील तर ते राहणार. खड्डा घासून सपाट करायचा म्हणजे भोवतालचं चांगलं लोखंड कमी करायचं, आणि चेंबरजवळचं लोखंड तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. खड्डे काळे होऊन शांत झाले, एवढं पुरतं. नव्यासारखी दिसली पाहिजे असा हट्ट असेल तर रायफलऐवजी दिवाणखान्याचा सोफा बदला.

लाकूड

भिजलेलं लाकूड सावलीत वाळवा, उन्हात अक्रोडाला चिरा जातात. तेल पिऊन काळं पडलं असेल तर चॉक पावडर टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या. टर्पेंटाइन उडून गेल्यावर पावडर तेल शोषून पिवळी पडते, ती झटकून पुन्हा लेप. पोचा आला असेल तिथे ओलं फडकं ठेवून वरून इस्त्रीचं टोक टेकवा, वाफेने तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर येत नाहीत, नाद सोडा.

पॉलिश म्हणून डबल बॉइल्ड जवसाचं तेल, हाताच्या तळव्याने चोळून, अगदी पातळ. एक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. लाकडाच्या आतल्या बाजूलाही लावा, ओलावा तिथूनच शिरतो. मेलामाइन नको. मिरजेच्या कारागिरांचं चपडा पॉलिश तंबोऱ्यावर शोभून दिसतं, पण पावसात भिजणाऱ्या दस्त्यावर ते पांढरं पडतं. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटतात. अंगणात मोकळी पसरून वाळवा, मग फेका.

जोडणी आणि नंतर

फोटो उलट्या क्रमाने बघत जोडा. नळीत, चेंबरजवळ खोल खड्डे दिसले असतील किंवा बोल्ट सैल वाटत असेल, तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूक कारागिराला दाखवल्याशिवाय बार काढू नका.

कातड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात रायफल ठेवू नका, दोन्ही ओलावा धरतात. कुलपाच्या कपाटात ठेवताना तोंड खाली करा, नाहीतर नळीतलं तेल उतरून दस्त्यात जिरतं. शिराळ्याकडच्या पावसात दर पंधरवड्याला तेलाचं फडकं फिरवावं लागतं. जत, आटपाडीकडे महिन्याने फिरवलं तरी चालतं.

राहिली आचारसंहिता. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते, आणि तिथे रायफल किती दिवस कशी उभी राहील हे आपल्या हातात नसतं. देण्याआधी बाहेरून ग्रीसचा जाड हात द्या, नळीत तेलाची चिंदी फिरवा. परवाना क्रमांक लिहिलेली कापडी चिठ्ठी चापाच्या कडीला बांधा. कागदी चिठ्ठी तेलाने विरते. पावतीवरचा शस्त्राचा नंबर तिथेच, टेबलासमोर उभं राहून जुळवून घ्या. परत आणल्यावर त्याच दिवशी ग्रीस काढा आणि नळीतून कोरडी चिंदी फिरवा. नळीत ग्रीस राहिलं असताना बार काढला तर नळी फुगते.