पिनबॉल मशीनचा पंखा घरघरतोय? या चुका टाळा

रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. "अहो, नवीन घरघंटी घेतलीत का? दळण सकाळी काढा ना."

घरघंटी नव्हती. कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये पिनबॉलचं मशीन नुसतंच चालू होतं, खेळत कुणीच नव्हतं. चेंडू उडवणाऱ्या फ्लिपरच्या फटाफट आवाजाबद्दल किंवा चेंडूच्या टणटणाटाबद्दल काकूंनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. ते आवाज येतात आणि जातात. पंखा मात्र मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एकाच सुरात लागलेला असतो, आणि तोच स्लॅबमधून खाली झिरपत होता. पुढच्या दीड महिन्यात हा पंखा गप्प करण्यासाठी जे करू नये ते मी जवळपास सगळं करून पाहिलं. तुमच्याकडे असंच मशीन असेल, किंवा घरी बनवलेलं संगणकावरचं पिनबॉल कॅबिनेट असेल, तर माझ्या चुका तुम्हाला फुकट.

न ऐकताच नवा पंखा आणणं

ही सगळ्यात महागडी चूक, कारण पुढच्या सगळ्या चुका हिच्या पोटात असतात. बिघडलेला भाग ओळखण्यासाठी मराठीत आवाजांची इतकी नावं आहेत, ती वापरा. खरखर असेल आणि मशीन तापल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर बेअरिंग संपत आलंय. एका लयीत टिकटिक असेल तर वायर किंवा केबल टाय पात्यांना लागतोय, आणि तो दोन मिनिटांत मोफत दुरुस्त होतो. शिट्टीसारखा आवाज म्हणजे हवा जाळीच्या भोकांतून रेटून जातेय. भणभण म्हणजे काहीतरी सैल आहे किंवा लाकूड थरथरतंय. आणि 'घूंऽऽ' असा जाडा, न बदलणारा आवाज असेल तर तो बहुधा पंख्याचा नसतोच, ट्रान्सफॉर्मरचा असतो.

अमेरिकेहून आलेल्या जुन्या मशीनबाबत हे फार होतं. तिथला पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्याच्या गाभ्यावर चुंबकीय ताण सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तो जास्त तापतो आणि जास्त गुणगुणतो. बाहेर ठेवलेला, व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर फरशीवर थेट ठेवला असेल तर ती गुणगुण फरशीतून पसरते. त्याच्याखाली जाड रबराचा तुकडा सरकवून बघा, पंख्याला हात लावण्याआधी.

आवाजाची जागा शोधायला माझं हत्यार आहे गेल्या वर्षीचं कॅलेंडर. त्याची घट्ट नळी करायची, एक टोक कानाला आणि दुसरं मशीनच्या मागच्या झरोक्यांवरून बाहेरूनच हळूहळू फिरवायचं. माझ्या मशीनमध्ये तीन पंखे निघाले: डोक्याच्या पेटीत, म्हणजे बॅकबॉक्समध्ये ८० मिलिमीटरचे दोन आणि खाली पॉवर सप्लायजवळ ६० मिलिमीटरचा एक. मी पहिल्या आठवड्यात बॅकबॉक्समधला एक बदलला होता. काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता: सारख्या आवाजाच्या दोन पंख्यांपैकी एक पूर्ण बंद केला तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला ते जेमतेम जाणवतं.

दोन पंख्यांची आणखी एक गंमत. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ३५० वेळा पातं एका जागेवरून जातं. म्हणजे साधारण हार्मोनियमच्या पांढरी चारचा सूर. शेजारचा पंखा किंचित हळू फिरत असला तर दोन सुरांत लाटा उठतात, न जुळलेल्या तंबोऱ्यासारख्या: घूं-ऊं, घूं-ऊं. पंखे दोन्ही ठणठणीत असतात, पण हे चढणं-उतरणं डोकं उठवतं. अशा वेळी जोडी एकाच बनावटीची लावावी किंवा दोघांचा वेग मुद्दाम बराच वेगळा ठेवावा.

पेटीकडे दुर्लक्ष

माझा दीड महिना इथे वाया गेला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानदाराने मला तिसऱ्या फेरीला विचारलं, "साहेब, पंखा हातात धरून चालवलात का कधी?" नव्हता चालवला. त्याने तिथेच १२ व्होल्टवर माझा 'खराब' पंखा लावून माझ्या तळहातावर ठेवला. आवाज जवळजवळ नव्हताच. मग तोच पंखा चालू असताना रिकाम्या खोक्यावर टेकवला, आणि खोकं गुरगुरायला लागलं.

तंबोऱ्याच्या तारेला भोपळा नसेल तर ती कोणाला ऐकू जाणार? पिनबॉलचं मशीन म्हणजे पातळ फळ्यांचा तसाच एक पोकळ भोपळा आहे, शंभर किलोच्या वरचा, चार लोखंडी पायांवर उभा. पंख्याची थरथर स्क्रूमधून प्लायमध्ये जाते, प्लायमधून पायांत, पायांतून फरशीत, आणि फरशीतून काकूंच्या छतात.

तपासणी सोपी आहे. मशीन चालू असताना बॅकबॉक्सच्या मागच्या फळीवर तळहात घट्ट दाबा. आवाज बदलला किंवा बसला, तर दोष पंख्याचा कमी आणि पेटीचा जास्त. उपायही स्वस्त. पंखा आणि फळी यांच्यामध्ये रबर हवं, आणि स्क्रूच्या डोक्याखालीही हवं. नाहीतर थरथर स्क्रूच्या दांड्यातून पलीकडे जातेच. सिलिकॉनच्या खास पिना मिळतात. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापले. पुण्यात कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर एक पंक्चर ट्यूब असतेच. स्क्रू आवळताना रबर नुसतं दबेल इतकंच आवळा. जास्त पिळलं तर रबर दगड होतं आणि पंख्याची चौकटही मुरडते, मग पाती कडेला घासतात.

पायांखालीही तेच. पायांच्या पट्ट्यांखाली जाड रबरी वाट्या ठेवा आणि मशीनचा उतार पुन्हा तपासा. प्लेफिल्डचा, म्हणजे चेंडू ज्यावर धावतो त्या फळीचा, उतार साधारण साडेसहा अंशांचा असतो, आणि वाट्या कमी-जास्त दबल्या की तो बिघडतो. मशीनची पाठ भिंतीला चिकटलेली असेल तर भिंतही गाते आणि हवाही कोंडते. निदान चार बोटं, जमल्यास वीतभर जागा मागे सोडा.

शिट्टीचा त्रास असेल तर जाळी बघा. पत्र्यात पाडलेली भोकांची जाळी पात्यांच्या अगदी जवळ असली की हवा तिच्यावर आपटते. गोल तारांची जाळी शांत असते. जाळी आणि पाती यांच्यात काही मिलिमीटरचं अंतर वाढवलं तरी फरक कळतो. पण जाळी काढून मोकळंच ठेवू नका. घरात लहान बोटं असतात, आणि मांजरंही.

मिळेल ते तेल सोडणं

गंज सोडवायचा फवारा हा पंख्यावरचा उपाय नव्हे. तो आतलं ग्रीस धुऊन काढतो, दोन दिवस शांतता देतो आणि नंतर आधीपेक्षा वाईट खरखर. आमच्या ओळखीतल्या एकाने खोबरेल सोडलं होतं. मे महिन्यात उत्तम चाललं. डिसेंबरात न्हाणीघरातल्या बाटलीचं जे होतं तेच पंख्यात झालं: तेल थिजलं, आणि सकाळी मशीन चालू केलं तर पंखा हलेना. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागतं.

साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या (आत गोळ्या नसलेल्या, नुसत्या नळीच्या) पंख्याला मागचं स्टिकर अर्धं सोलून शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब चालतात. जास्त घातलं तर स्टिकर पुन्हा चिकटत नाही आणि तेल पात्यांवर उडतं. बॉल बेअरिंगच्या बंद पंख्यात तेल जातच नाही, तिथे बदलणं हाच उपाय. स्लीव्हच्या पंख्यालाही ही नवा येईपर्यंतची मलमपट्टीच समजा.

ब्लोअरने पंखा गरगर फिरवणं

बघायला मजा येते, पण पंखा उलटा जनित्र बनतो आणि मूळ वेगाच्या कितीतरी वर जाऊन बेअरिंगचं नुकसान होतं. आईस्क्रीमच्या काडीने पातं अडवा आणि मगच हवा मारा. मशीन स्वयंपाकघराच्या दारासमोर असेल तर धूळ कोरडी नसते, फोडणीच्या ओशट थरात बसलेली असते. ती ब्लोअरने निघत नाही. जरा ओलसर फडक्याने एकेक पातं पुसावं लागतं. एकाच पात्यावर ढेकूळ राहिलं तरी पंख्याचा तोल जातो.

इथे एक न टाळता येणारी गोष्ट. उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं मशीनचं बटण बंद करणं पुरेसं नाही. नाणी टाकायच्या दाराचं बटण अनेक मशीनमध्ये फक्त फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या कॉइलचा पुरवठा तोडतं, मुख्य पुरवठा आत जिवंतच राहतो. कॉइलला ४८ ते ७० व्होल्ट जातात आणि वीज साठवणारे मोठे कॅपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात. प्लेफिल्ड उचलण्याआधी चेंडू बाहेर काढा, नाहीतर खळकन आवाज करत काचेसारखं काहीतरी फुटतं. मला विचारू नका काय.

नुसता आकार बघून खरेदी

८० मिलिमीटर म्हटलं की ८० मिलिमीटर, असं नसतं. जाडी १५ आहे की २५, व्होल्टेज ५, १२ की २४, तारा दोन, तीन की चार, हे सगळं जुन्या पंख्याच्या स्टिकरवर आणि प्लगवर दिसतं. म्हणून जुना पंखा खिशात घालूनच बुधवार पेठेत जा. २४ व्होल्टचा पंखा १२वर नुसता सुस्तावतो, पण १२चा २४वर जळतो.

तारांच्या रंगांचा सापळा लक्षात ठेवा. तीन तारांच्या पंख्यात सहसा लाल तार १२ व्होल्टची आणि पिवळी वेगाचा संदेश देणारी. संगणकाच्या चार तारांच्या पंख्यात मात्र पिवळी १२ व्होल्टची, हिरवी वेगाची आणि निळी वेग नियंत्रणाची. रंग बघून जोडलंत तर बोर्डाच्या संदेश घेणाऱ्या पिनेत थेट १२ व्होल्ट जाऊ शकतात. मल्टिमीटर लावा. आणि मूळ पंखा तीन तारांचा असेल तर बोर्ड बहुधा त्याचा वेग मोजत असतो. तिथे दोन तारांचा लावलात तर पंखा फिरत असूनही मशीन 'पंखा बंद' म्हणून अडून बसू शकतं.

पंखा उलटा बसवणं ही सुद्धा नेहमीची गोष्ट. चौकटीवर दोन बाण असतात, एक फिरण्याचा, एक हवेचा. बाण नसले तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या आहेत त्या बाजूने हवा बाहेर पडते.

डब्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर फार जाऊ नका. तो मोकळ्या हवेत, जाळीशिवाय मोजलेला असतो, आणि तुमच्या मशीनमध्ये तसं काहीच नसतं.

गुदमरवून शांत करणं

झरोक्यांत स्पंज कोंबणं, चालू मशीनवर चादर घालणं आणि सरळ पंख्याची वायर काढून टाकणं, हे तिन्ही एकाच जातीचे उपाय. आवाज जातो, उष्णता राहते. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंश वाढलं की साधारण निम्मं होतं. पंख्याच्या किमतीसाठी तुम्ही पॉवर सप्लाय आणि बोर्ड गहाण टाकता. २०१३ पासून बॅकबॉक्समध्ये मोठा एलसीडी पडदा आणि आख्खा संगणक घेऊन येणारी मशीन आली आहेत. त्यांना तर पंख्याशिवाय चालवूच नये.

वेग कमी करणं मात्र रास्त आहे, कारण आवाज वेगापेक्षा फार झपाट्याने पडतो. ३,००० फेऱ्यांचे २,००० केले तर हवा एक तृतीयांश घटते, पण आवाज जवळपास ९ डेसिबलने उतरतो. स्टिकरवर १२ व्होल्ट आणि ०.१० अँपिअर लिहिलं असेल तर ४७ ओहमचा रेझिस्टर (प्रवाह अडवणारा छोटा भाग) वाटेत लावून पंख्याला साधारण साडेआठ व्होल्ट मिळतात. त्या रेझिस्टरमध्ये जवळपास पाव वॅट उष्णता होते, म्हणून दुकानदार सहज हातावर ठेवतो तो पाव वॅटचा नको, एक वॅटचा मागा. रेझिस्टर लावल्यावर पंखा थंड असताना दहा वेळा चालू-बंद करून बघा. एकदा जरी अडखळला तरी व्होल्टेज वाढवा. स्वस्त वेग-नियंत्रक मॉड्यूलमध्ये उलटी गंमत होते: त्यांची चालू-बंदची वारंवारता कानाच्या टप्प्यात असते, आणि पंखाच बारीक सुरात रडायला लागतो. संगणकाचे चार तारांचे पंखे २५ किलोहर्ट्झवर चालतात ते याचसाठी.

पाच आणि १२ व्होल्टच्या तारांमध्ये पंखा जोडून सात व्होल्ट काढायची जुनी युक्ती पिनबॉलच्या बोर्डावर करू नका. पाच व्होल्टच्या तारेत उलटा प्रवाह ढकलला जातो, आणि नेमकी त्याच तारेवर नाजूक मंडळी बसलेली असतात.

मीही ४७ ओहम लावला होता. त्याची परीक्षा डिसेंबरात झाली आणि मी पास झालो, असं मला वाटलं. एप्रिलच्या दुपारी बाहेर ४० अंश असताना तासभर खेळल्यावर बाहेर पडणारी हवा डिसेंबरपेक्षा बरीच गरम निघाली. तेव्हा ४७ ओहम काढून २२ लावला. थोडा आवाज परत आला, तो चालतो. पंख्याच्या स्टिकरवर आता पेन्सिलने बसवल्याची तारीख आणि '२२' लिहिलंय. काकू मध्यंतरी जिन्यात भेटल्या, तर म्हणाल्या, "घरघंटी विकलीत वाटतं."