कोकणकड्याला गेलेले तडे

हरिश्चंद्रगडावरून आल्यावर कोकणकडा तैलरंगात कॅनव्हासवर अक्षरशः थापला होता. चार महिन्यांत कड्याच्या काळ्या भागाला बारीक तडे! बेसॉल्ट म्हणून शोभलेही असते, पण पापुद्रे सुटायला लागले.

आधी दोष कॅनव्हासला दिला. चूक माझीच होती. खालचा थर आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगाचा, त्यात जवसाचं तेल सढळ हाताने. वर टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आयव्हरी ब्लॅक वाळायला फार रेंगाळतो. अंबर मात्र त्यातल्या मँगनीजमुळे झटपट वाळतो. वरचा थर कडक झाला, खालचा हलत राहिला.

सुटलेला भाग पॅलेट नाइफने खरवडला (जिवावर आलं होतं). मग क्रम उलटा केला: खाली टर्पेंटाइनमधला पातळ अंबर, तो वाळल्यावर वरच्या थरांत थोडं थोडं तेल वाढवत नेलं. काळा रंग ट्यूबमधून घेतलाच नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून केला. तो जास्त जिवंत दिसतो, हा अनपेक्षित फायदा. नाइफचे जाड फटकारे सगळ्यात शेवटी.

दोन पावसाळे झाले, कडा शाबूत आहे. धुकं मात्र पहिल्या वेळेसारखं जमलं नाही.