बायबलमधले दरबारी अधिकारी : या चुका टाळा

संडे स्कूलचा धडा असो, चर्चचं नाटक असो की अभ्यासवर्ग, बायबलमधल्या राजदरबाराबद्दल ठरलेले घोटाळे ठरल्यासारखे होतात. बहुतेकांचं मूळ एकच. माणसाचं नाव दिसलं की लोक खूश. त्याचा हुद्दा कोणता, राजा कोण, साल कुठलं, हे बघायला कुणाला वेळ नसतो.

हुद्द्याला नाव समजणे

हा सगळ्यात जुना आणि चिवट घोटाळा. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब लाखीशहून तर्तान, रब-सारीस आणि रब-शाके यांना फौज देऊन यरुशलेमेला पाठवतो (२ राजे १८:१७). ही तिघांची नावं नाहीत. तर्तान म्हणजे अश्शूरचा सरसेनापती, रब-सारीस हा खोजांचा मुख्य आणि रब-शाके प्यालेबरदारांचा, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणाऱ्यांचा, मुख्य. तर्तान यशया २०:१ मध्येही येतो, पण तिथे राजा सर्गोन आणि मोहीम अश्दोदवरची, म्हणजे साधारण दहा वर्षं आधीची. दोन वचनं जोडून 'तर्तान नावाच्या शूर सरदाराचं' चरित्र रचणारे महाभाग असतात. हुद्दा तोच राहतो, माणूस बदलू शकतो, एवढं साधं आहे.

या चुकीने अभ्यासकांनाही किती छळलं ते यिर्मया ३९:३ मध्ये दिसतं. यरुशलेम पडल्यावर बाबेलचे सरदार मधल्या वेशीत येऊन बसतात आणि त्यांची यादी अशी येते : नेर्गल-शरेसर, समगार-नबो, सर्सखीम, रब-सारीस... मूळ इब्रीत स्वल्पविराम नाहीत. त्यामुळे नाव कुठे संपतं आणि हुद्दा कुठे सुरू होतो याचा पिढ्यान्‌पिढ्या घोळ. २००७ मध्ये अश्शूर-बाबेलच्या लेखांचे अभ्यासक मायकेल युर्सा यांनी ब्रिटिश म्युझियममधली एक छोटी मातीची पाटी वाचली. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या दहाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५९५ मध्ये, बाबेलच्या एसागिला मंदिरात दीड मिना सोनं, आजच्या हिशेबाने सुमारे पाऊण किलो, जमा झाल्याची ती पावती. सोनं पाठवणारा होता खोजांचा मुख्य नबू-शर्रुसू-उकीन. हाच यिर्मयातला सर्सखीम, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे 'नबो' हा तुकडा पुढच्या नावाचा, आणि रब-सारीस हा त्याचाच हुद्दा. एका पावतीने यादीतला एक माणूस कमी झाला.

उपाय जुनाच आहे. कागदावर चार रकाने पाडा : नाव, हुद्दा, राजा, साल. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. मोबाइलवर नाव टाकून पहिलं सापडेल ते उतरवणाऱ्यांच्या वहीत चारही रकाने भरलेले असतात आणि दोन चुकलेले. प्रेषितांची कृत्ये ८:२७ मधली कंदके याच जातीची : ते राणीचं नाव नव्हे, कूशच्या (इजिप्तच्या दक्षिणेचं राज्य) राण्यांची पदवी.

प्यालेबरदाराला वाढपी करणे

नहेम्या हा इराणचा राजा अर्तहशश्ताचा प्यालेबरदार. नाटकात तो हमखास ट्रे घेऊन उभा असतो. विष चाखायचं काम होतंच; मेदी दरबारातला प्यालेबरदार द्राक्षारस डाव्या तळहातावर ओतून आधी स्वतः घेतो, असं ग्रीक लेखक झेनोफोनने लिहिलंय. पण रोज राजाच्या हाताशी उभा राहणारा माणूस म्हणजे राजाच्या कानाशी असणारा माणूस. नहेम्याने काय मिळवलं ते दुसऱ्या अध्यायात मोजा : फरात नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं, राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे लाकडाचा हुकूम, वर सरदार आणि घोडेस्वार सोबतीला. वाढप्याला कोण घोडेस्वार देतो? पुढे तो अर्तहशश्ताच्या विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंत, म्हणजे इ.स.पू. ४४५ ते ४३३, यहूदाचा सुभेदार होता. त्याच्या पंगतीला दीडशे यहूदी आणि अधिकारी असत. रोज एक बैल, सहा निवडक मेंढरं आणि पाखरं लागत (नहेम्या ५:१७-१८).

उतावळ्यांनी आणखी एक बघावं. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी नहेम्याला किसलेव महिन्यात आली, राजापुढे शब्द निघाला तो निसानमध्ये. चार महिने. धड्यात मात्र हे दोन वाक्यांत, एकाच दुपारी उरकलेलं असतं.

शेबनाची कबर 'सापडली' असं ठोकून देणे

यशया २२ मध्ये शेबना राजवाड्याचा कारभारी आहे आणि स्वतःसाठी खडकात कबर खोदतोय म्हणून शिव्या खातो. ३६ व्या अध्यायात कारभारी एल्याकीम आणि शेबना चिटणीस. म्हणजे पद उतरलं. यरुशलेमेजवळच्या सिलवानला १८७० मध्ये फ्रेंच संशोधक क्लेर्मों-गानो यांना एका कबरीवरचा लेख मिळाला आणि १९५३ मध्ये पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांनी तो लावला : इथे सोनंचांदी नाही, फक्त 'राजवाड्यावरच्या' अधिकाऱ्याची आणि त्याच्या दासीची हाडं आहेत, उघडणाऱ्याला शाप. नावातलं फक्त शेवटचं 'याहू' उरलंय. शेबना असू शकेल, पण 'याहू'ने संपणारी नावं तेव्हा पैशाला पासरी होती.

इस्राएलचा राजा अहाब याचा कारभारी ओबद्या आणि संदेष्टा ओबद्या एकच, असं गृहीत धरू नका.

दानीएलमधले १२० प्रांताधिकारी आणि एस्तेरमधले १२७ प्रांत यांची बेरीज-वजाबाकी करू नका.

आपल्याकडची खास चूक म्हणजे दावीदाच्या दरबारावर अष्टप्रधान मंडळ चढवणे. चिटणीस दिसला की सुरनीस, सेनापती दिसला की सरनौबत. शिवरायांकडे १६७४ मध्ये आठ प्रधानांची कामं नेमून दिलेली होती. दावीदाची यादीच दोनदा येते आणि दोन्ही जुळत नाहीत : २ शमुवेल ८ मध्ये वेठबिगारीवरचा अधिकारी नाही, २० मध्ये आहे. शलमोनाच्या यादीत राजवाड्याचा कारभारी नव्याने दिसतो, शिवाय बारा नायब, प्रत्येकाने वर्षातून एक महिना राजाची रसद पुरवायची. दरबार वाढत गेला तशी पदं वाढली. वेठबिगारीवरच्या अदोनीरामाला तर शलमोनाचा मुलगा रहबाम याच्या वेळी लोकांनी दगडांनी ठेचून मारलं.

आणि मुद्रांचे फोटो. 'गमऱ्याहू बिन शाफान' (यिर्मया ३६ मधला अधिकारी गमऱ्या) ही मातीची मुद्रा दावीदनगराच्या उत्खननात थरासकट मिळाली, ती बिनधास्त दाखवा. यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्या नावाच्या मुद्रा पुराणवस्तूंच्या बाजारातून आल्या आणि २०१४ मध्ये तपासणाऱ्यांनी त्या बनावट ठरवल्या. तरी बारूखाच्या अंगठ्याचा ठसा म्हणून त्यातलीच एक अजून फिरते.