ऑफिसच्या प्रिंटरवर जाड कार्ड आणि लेबले छापताना

इंदूरच्या खजुरी बाजारात मंडळाच्या निमंत्रणांसाठी कार्ड घेताना रंगाआधी जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) विचारावे आणि तो आकडा प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. अनेक साध्या लेझर प्रिंटरांना 163 जीएसएमपर्यंतचाच कागद चालतो, म्हणून 300 जीएसएमचे काम सरळ छापखान्यात द्यावे. कार्ड मॅन्युअल फीडमधून, म्हणजे हाताने कागद घालायच्या फटीतून, एकेक घालावे आणि सेटिंगमध्ये जाड कागद निवडावा, म्हणजे टोनर (छपाईची पूड) नीट चिकटतो.

लेबलांना मात्र फार जपावे लागते. लेझरचा फ्यूझर, म्हणजे टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग, सुमारे 200 अंश सेल्सिअस तापत असल्याने इंकजेट प्रिंटरसाठीची लेबले त्यात कधीही घालू नयेत. एखादे लेबल सोललेला कागदही पुन्हा वापरू नये, कारण उघड्या जागेच्या कडेचे लेबल आत सुटून ड्रमला (कागदावर टोनर उमटवणाऱ्या रुळाला) चिकटते आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च लेबलांच्या पाकिटापेक्षा कितीतरी मोठा असतो.